दीड मीटरची एक पेशी

जिना चढताना पाय जड वाटला तर पुण्यात कुणी दवाखान्यात धावत नाही. काल पर्वती झाली असेल, रविवारी सिंहगड झाला असेल, नाहीतर वय झालं असेल, असं म्हणून आपण कठडा धरून वर जातो. २०२५च्या जानेवारीत मात्र सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागांतल्या काही घरांत, जड पायांची गोष्ट तिथे थांबली नाही. आठ-पंधरा दिवसांपूर्वी पोट बिघडलेलं, जुलाब झालेले, ते बरेही झालेले. मग तळपायांना मुंग्या आल्या. चप्पल पायातून निसटू लागली. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठवेना, पुढे हातातला पेला सुटू लागला आणि काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. या आजारात एवढं सगळं होत असताना माणूस शुद्धीवर असतो. त्याला घरच्यांचे फोन नंबर आठवतात, खाटेशेजारी चाललेलं बोलणं कळतं, हॉस्पिटलच्या बिलाची काळजीही वाटते. पाय तेवढे हलत नाहीत.

वर्तमानपत्रांनी आजाराचं नाव जीबीएस असं छापलं. पूर्ण नाव गियाँ-बारे सिंड्रोम. हा तसा विरळा आजार. लाख माणसांमागे वर्षाला एखाद-दोघांना होतो. म्हणजे पुण्याएवढ्या शहरात वर्षभरात इकडेतिकडे विखुरलेले थोडे रुग्ण. इथे काही आठवड्यांत शहर आणि परिसर मिळून संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि काहीजण दगावले. केंद्राचं पथक आलं, त्यात बंगळूरच्या निम्हान्सचे तज्ज्ञ होते. रुग्णांच्या शौचाचे नमुने पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. ही संस्था १९५२ साली विषाणू शोधण्यासाठी सुरू झालेली. तिला काही नमुन्यांत नोरोव्हायरस मिळाला खरा, पण खरा संशयित ठरला तो एक जिवाणू: कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी.

साथीवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक पाण्याबद्दल, आणि ते योग्यच होतं. मला नवल वाटत राहिलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जंतू शिरला पोटात, मग पाय लुळे का पडले? तो आतड्यातून पायापर्यंत जात नाही. पाय लुळे पडेपर्यंत बहुधा त्याचा निकालही लागलेला असतो. ज्यानं हे केलं तो गेल्यावर हा आजार सुरू होतो. हे कसं होतं ते समजून घ्यायला लागलं की आपल्या अंगातल्या एका अशा वस्तूची ओळख होते, जिच्याबद्दल शाळेत आपण चार ओळी लिहिल्या आणि विसरलो.

मेंदूचं कौतुक फार होतं. वजन जेमतेम १.३-१.४ किलो, शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी शरीराची एकपंचमांश ऊर्जा खातो. त्यात चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी, आणि त्यांतल्या पाचांतल्या चार मागच्या बाजूच्या लहानशा अनुमस्तिष्कात. हे आकडे मोठे आहेत, मान्य. पण कवटीत बंद असलेला हा अवयव बाहेरचं काही पाहू शकत नाही, एक बोटसुद्धा स्वतः हलवू शकत नाही. त्याचा जगाशी संबंध येतो तो बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंमुळे: मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या. मेरुरज्जूही आपल्याला वाटतो तेवढा लांब नाही. पाठीचा कणा माकडहाडापर्यंत जातो, मेरुरज्जू मात्र सुमारे ४५ सेंटिमीटरवर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. तिथून खाली नुसते तंतूंचे झुबके.

आता उजव्या पायाचा अंगठा घ्या. त्याला जमिनीचा स्पर्श झाला की ती बातमी पोचवणारी चेतापेशी कुठे असते? तिचा मुख्य भाग, केंद्रक वगैरे, कमरेच्या खालच्या मणक्यांशी असलेल्या एका बारीकशा गाठीत. तिथून तिचा एक फाटा नितंबातून, मांडीमागून, पोटरीतून अंगठ्यापर्यंत उतरतो. दुसरा फाटा मेरुरज्जूत शिरतो आणि मध्ये कुठेही न थांबता थेट मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेपर्यंत चढतो. हे सगळं मिळून एकच पेशी. मध्यम उंचीच्या माणसात तिची लांबी दीड मीटरच्या घरात जाते आणि जाडी मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. शरीररचनेच्या तासाला विच्छेदन-टेबलावर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मांडीमागचा तो जाडजूड मज्जातंतू बाजूला करून बघतात. शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू तो. सायटिका झालेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्या एका दोरात असे हजारो तंतू एकत्र बांधलेले असतात.

इतक्या लांब पेशीच्या अडचणीही तशाच. अंगठ्याशी असलेल्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं तिथे तयार होत नाहीत. ती कमरेशी बनतात आणि तंतूच्या आतून, सूक्ष्म नळ्यांवरून, ओढून नेली जातात. हा माल सर्वांत जलद जातो तेव्हा दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे कमरेतून सोमवारी सकाळी निघालेली वस्तू अंगठ्याशी बुधवारी संध्याकाळी पोचते. आपण झोपलेले असतो, लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करत असतो, तेव्हाही ही ने-आण चालू असते.

बातमीला मात्र अडीच दिवस चालत नाहीत. ती विजेनं जाते, पण घरातल्या तारेतली वीज आणि ही वीज यांत फरक आहे. पेशीच्या पडद्याच्या आत आणि बाहेर सोडियम, पोटॅशियम यांच्या आयनांचं प्रमाण वेगळं ठेवलेलं असतं. पडद्यात बसलेले पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. यातून पडद्याच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक तयार होतो. घड्याळाच्या सेलपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. पण पडदा किती जाड? मिलिमीटरच्या दहालाखाव्या हिश्श्याच्या काही पट. त्या जाडीनं भागलं तर हिशेब मीटरला एक कोटी व्होल्टच्या आसपास येतो. हवेत मीटरमागे तीस लाख व्होल्ट झाले की ठिणगी उडते. त्याच्या तिपटीहून अधिक ताण आपल्या प्रत्येक मज्जातंतूचा ओलसर, तेलकट पडदा जन्मभर सोसत असतो. स्पर्श झाला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेचा भार क्षणभर उलटा होतो, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. बातमी म्हणजे ही पुढे सरकत जाणारी उलथापालथ.

ती किती वेगानं सरकते, हे कळणारच नाही असं एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांना वाटत होतं. जर्मनीतले योहानेस म्युलर त्यांतलेच. त्यांचेच विद्यार्थी हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५०च्या सुमारास बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेतला, त्याला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांब विजेचा झटका दिला आणि स्नायू आखडायला लागलेल्या वेळांतला फरक मोजला. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. विचाराचा वेग, मनाचा वेग वगैरे जे काही लोक म्हणत होते, त्याला पहिल्यांदाच आकडा मिळाला, आणि तो निराशा वाटावी इतका लहान होता.

माणसात हा वेग एकसारखा नाही, आणि त्याचा पुरावा प्रत्येकाच्या घरात आहे. अंधारात उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा नीट लक्ष द्या. आधी नुसतं काहीतरी आपटल्याचं कळतं. "लागलं" असं मनात येतं आणि मग क्षणभर, अगदी मोजता येईल असा क्षणभर, काहीच नसतं. त्यानंतर खरी कळ येते. स्पर्शाची बातमी सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावणाऱ्या तंतूंतून वर जाते. अंगठ्यापासून मेंदूपर्यंत पोचायला तिला सेकंदाचा तिसावा हिस्सा पुरतो. रेंगाळणारं, ठणकणारं दुखणं नेणारे तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर जातात. दोन्ही एकाच अंगठ्यातून, एकाच वेळी निघालेल्या बातम्या. एक दुसरीहून पन्नासपट जलद.

फरक आहे तो आवरणाचा. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशी जलद तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात. एक पेशी तंतूचा सुमारे मिलिमीटरभर तुकडा पकडते आणि त्याभोवती फिरत राहते, जाड तंतूला तर शंभरेक वेढे देते, आणि फिरता फिरता आपल्या अंगातलं पाणी पिळून काढते. उरतो तो चरबीचा घट्ट थर: मायलिन. पुढच्या मिलिमीटरला पुढची श्वान पेशी. दोन पेशींच्या मध्ये तंतूचा अगदी अरुंद भाग उघडा राहतो, मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. लुई राँव्हिए या फ्रेंच संशोधकांनी १८७०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली या फटी दाखवल्या. तंतूतली सोडियमची दारं जवळजवळ सगळी या फटींतच दाटीनं बसवलेली असतात. त्यामुळे बातमीला तंतूचा प्रत्येक कण ओलांडत बसावं लागत नाही. एका फटीत दारं उघडली की विद्युत्भाराचा परिणाम आवरणाखालून थेट पुढच्या फटीशी जाऊन पोचतो. पॅसेंजर गाडी पुणे सोडल्यावर शिवाजीनगर, खडकी, दापोडी करत प्रत्येक ठिकाणी थांबते आणि डेक्कन क्वीन मोजकी स्थानकं घेत मुंबई गाठते, तसाच हा हिशेब आहे. फक्त इथल्या एक मीटरच्या मार्गावर हजारभर स्थानकं आहेत आणि तरीही गाडी सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात पोचते.

मायलिन नसतं तर काय झालं असतं, याचं उत्तर समुद्रातल्या माकुळानं देऊन ठेवलं आहे. धोका दिसताच पाणी मागे फेकून निसटायचं तर आज्ञा झटपट जायला हवी, पण माकुळाला मायलिन बनवता येत नाही. त्यानं दुसरा उपाय केला: तंतूच जाड केला, अर्धा मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक. जाड तंतूत बातमी लवकर जाते. या जाडीमुळेच त्यात सुई खुपसून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांना सोडियमच्या दारांचं गणित मांडता आलं (१९५२), आणि त्यासाठी १९६३ सालचं नोबेल मिळालं. पण एवढा जाड होऊनही माकुळाचा तंतू सेकंदाला पंचवीसेक मीटरच गाठतो. आपला मायलिनवाला तंतू त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा बारीक आणि दुपटीहून जलद. माकुळाच्या पद्धतीनं आपले लाखो तंतू घडवले असते तर मेरुरज्जूच झाडाच्या बुंध्याएवढा झाला असता. माझ्या मते चेतासंस्थेतला सर्वांत मोठा शोध मेंदू नाही, हे चरबीचे वेढे आहेत. त्यांच्यामुळे मेंदू परवडला.

आता सिंहगड रस्त्याकडे परत.

कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यात सुखानं राहतो. कोंबडीच्या अंगातलं ४२ अंशांच्या आसपासचं तापमान त्याला मानवतं आणि कोंबडीला त्याचा त्रास होत नाही. माणसाच्या पोटात तो अर्धकच्च्या चिकनमधून किंवा विष्ठा मिसळलेल्या पाण्यातून येतो, चार-सहा दिवस जुलाब करतो आणि जातो. या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आच्छादन असतं. त्याच्या काही जातींत या साखळ्यांची टोकं आपल्या मज्जातंतूंच्या पडद्यावरच्या साखळ्यांशी हुबेहूब जुळतात. शरीराच्या संरक्षण दलानं जंतूला ओळखण्यासाठी त्या साखरेचा नमुना घेतला, तिला चिकटणारी प्रतिपिंडं तयार केली, जंतूचा निकाल लावला. काम चोख झालं. पण प्रतिपिंडं रक्तात उरली, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यांना तीच साखर पायाच्या मज्जातंतूवर दिसली.

पुढचा हल्ला दोन तऱ्हांनी होतो. एका प्रकारात मायलिनचे वेढे सोलले जातात. कॅम्पिलोबॅक्टरनंतरच्या प्रकारात बहुधा राँव्हिएच्या फटींचा भागच धरला जातो, आणि तोही स्नायूंना आज्ञा नेणाऱ्या तंतूंचा, कारण जुळणारी साखर तिथे भरपूर असते. दोन्हींचा परिणाम एकच. गाडी मध्येच अडते किंवा रखडत पोचते. ज्या तंतूचा मार्ग जास्त लांब, त्यावर कुठेतरी घाव बसण्याची शक्यता जास्त. म्हणून पाय आधी, हात नंतर. ज्यांना हा जुलाब होतो त्यांतल्या हजारात साधारण एकालाच जीबीएस होतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. पण हजारात एक हे प्रमाण पाण्यातून पसरलेल्या साथीला लावून पाहिलं की हिशेब बदलतो. शंभर-दोनशे माणसं लुळी पडली तर जुलाब किती हजार घरांत होऊन गेले असतील?

श्वासाचं काय होतं, ते स्वतंत्रपणे सांगायला हवं. छाती आणि पोट यांच्या मधला श्वासपटल हा स्नायू श्वास घेतो, पण त्याचा मज्जातंतू छातीतून निघत नाही. तो मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूतून निघतो, हृदयाच्या कडेनं उतरतो आणि श्वासपटलाला पोचतो. एवढा वळसा कशाला? गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेच्या उंचीवरच होते. पुढे ते खाली सरकतं आणि आपला मज्जातंतू सोबत ओढत नेतं. पायातून कमरेत, कमरेतून हातांत आलेली दुर्बलता मानेच्या या तंतूंपर्यंत पोचली की श्वास उथळ होतो. वॉर्डातल्या डॉक्टरांची त्यासाठीची एक साधी परीक्षा असते: एका श्वासात एक ते वीस मोजा. आकडे विसाच्या आत तुटायला लागले की ते अतिदक्षता विभागात जागा बघतात. जीबीएसच्या दर चार रुग्णांत एखाद्याला व्हेंटिलेटरची गरज पडते. काहींत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणारे तंतूही बिघडतात. दाब सकाळी चढलेला, दुपारी कोसळलेला.

निदानाची पहिली पायरी मात्र अजूनही रबराच्या हातोडीची आहे. गुडघ्याच्या वाटीखाली ती हलकेच मारली की पाय झटकन पुढे येतो. १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघा जर्मन डॉक्टरांनी हे एकाच नियतकालिकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे नोंदवलं. हातोडीनं स्नायू ताणला जातो, ती बातमी मेरुरज्जूत जाते, तिथे मध्ये फक्त एकच सांधा ओलांडते आणि आज्ञा होऊन परत येते. मेंदूला हे नंतर कळतं. या येण्याजाण्यात शेकडो तंतूंच्या बातम्या एकाच क्षणी पोचाव्या लागतात. काही तंतू मंदावले, काही थांबले, की बातम्या मागेपुढे येतात आणि पाय उडत नाही. म्हणून जीबीएसमध्ये हातोडी मारूनही गुडघा ढिम्म राहतो. त्यानंतर एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूतल्या बातमीचा वेग मोजण्याची चाचणी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बेडकावर केलेला तोच प्रयोग, आता हॉस्पिटलच्या खाटेवर, माणसाच्या पायावर. त्यातून कुठे वेग उतरला आहे आणि कुठे बातमीच पोचत नाही, ते दिसतं.

तिसरी चाचणी पाठीतलं पाणी काढण्याची. घरच्यांची तिला फार भीती वाटते. मेरुरज्जूला सुई लागली तर? सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये जाते आणि मेरुरज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. मेंदू आणि मेरुरज्जू यांच्याभोवती हे स्वच्छ पाणी एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, पण दिवसाला अर्धा लिटर तयार होतं, म्हणजे ते दिवसातून तीनदा बदलतं. काढलेले चार थेंब लगेच भरून येतात. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, जॉर्ज गियाँ, जाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी लुळ्या पडलेल्या दोन सैनिकांचं हेच पाणी तपासलं. त्यात प्रथिनं वाढलेली, पण पू किंवा जंतुसंसर्गात दिसतात तशा पेशी नाहीत. त्या काळच्या डॉक्टरांना हे कोडंच होतं. दोघेही सैनिक सुधारले. नावाच्या वाटणीत मात्र स्ट्रोल मागे पडले, आणि ज्यांनी १८५९ सालीच पायांतून वर चढणारा असा लुळेपणा लिहून ठेवला होता ते ज्याँ लाँड्री तर जवळजवळ विसरलेच गेले.

भारतात जीबीएसवर नजर ठेवण्याची एक पद्धत आधीपासून होती, तीही पोलिओच्या निमित्तानं. पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की त्याच्या शौचाचा नमुना पोलिओसाठी तपासायचा, हा दंडक. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला तरी ही तपासणी सुरू आहे, आणि तीत आढळणाऱ्या लुळेपणाचं मोठं कारण आता जीबीएस आहे. दोन्ही आजार लांबून सारखे दिसतात. पोलिओ मेरुरज्जूतली चेतापेशीच मारतो. ती मेली की गेली. जीबीएस बहुतेक वेळा पेशीला जिवंत सोडतो आणि तिची लांब शेपटी बिघडवतो. म्हणून जीबीएसचे बहुसंख्य रुग्ण पुन्हा चालतात. दहातले आठ जण सहा महिन्यांत आधाराशिवाय.

ते कसं चालतात, यात शरीररचनेची सर्वांत सुंदर बाजू आहे. श्वान पेशी पुन्हा कामाला लागतात. खराब झालेलं मायलिन साफ केलं जातं, श्वान पेशी वाढतात आणि उघड्या पडलेल्या तंतूभोवती नव्यानं वेढे घालतात. हल्ला फक्त फटींवर झाला असेल तर काही आठवड्यांत माणूस उठतो. तंतूच तुटला असेल तर मात्र तो मुळापासून वाढत यावा लागतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंत मीटरभर म्हणजे हजार दिवस, जवळजवळ तीन वर्षं. वाट दाखवायला श्वान पेशींची जुनी रांग उभी असते म्हणून तर तो योग्य स्नायूपर्यंत पोचू शकतो. मेंदूत आणि मेरुरज्जूत मायलिनचं काम दुसऱ्याच पेशी करतात. त्यांची एक पेशी अनेक तंतूंना वेढे घालते, पण तंतू तुटल्यावर त्या त्याला परत वाढू देत नाहीत. एक्स्प्रेस वेवरच्या अपघातात मेरुरज्जू तुटलेला माणूस उठत नाही, आणि जीबीएसनं महिनाभर व्हेंटिलेटरवर असलेला उठतो, यामागे एवढाच फरक आहे.

उपचारही सरळ आहे, फक्त महाग. रक्तातली चुकलेली प्रतिपिंडं गाळून काढायची (प्लाझ्मा बदलणं), नाहीतर हजारो दात्यांच्या रक्तातून जमवलेली चांगली प्रतिपिंडं शिरेतून भरायची (आयव्हीआयजी). दुसऱ्या उपायात वजनाच्या किलोमागे एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. एरवी ज्या स्टेरॉइडची अशा आजारांत हटकून आठवण होते, ती इथे उपयोगी पडत नाहीत, हे चाचण्यांत दिसलं आहे. बाकी सगळी मेहनत परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची. उशी बदलणं, कूस बदलणं, दर दोन तासांनी. त्यांची नावं बातम्यांत आली नाहीत.

पुण्याची साथ ही अशी पहिली नव्हती. १९९०च्या आसपास उत्तर चीनच्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलं लुळी पडत. अमेरिकी आणि चिनी डॉक्टरांनी मिळून तिथे तपास केला आणि फटींवर हल्ला होणारा प्रकार तिथेच ओळखला गेला. २०२३ साली पेरूत एवढे रुग्ण झाले की सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. पुण्यात बहुसंख्य रुग्ण ज्या भागांतले होते, त्यांतली काही गावं २०२१ साली महापालिकेत आली. नळ आले, बांधकामं आली, पण विहिरीतून पोचणाऱ्या पाण्यात क्लोरीन पडत होतं तरी शहराच्या जुन्या भागांसारखी पूर्ण शुद्धीकरणाची साखळी तिथवर पोचली नव्हती. दीड मीटरच्या पेशीवरचे वेढे शाबूत राहावेत यासाठी लागणारी वस्तू एवढीच आहे: शुद्ध पाणी, आणि ते पुरवणं महापालिकेचं काम आहे.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. पाण्याची शंका असेल तर उकळा. कॅम्पिलोबॅक्टर उकळीला टिकत नाही, आणि पूर्ण शिजलेल्या चिकनमध्येही राहत नाही. दुसरी गोष्ट जुलाब होऊन गेल्यानंतरच्या तीन आठवड्यांची. त्या काळात दोन्ही पायांना मुंग्या येऊन जिना जड वाटू लागला, चप्पल निसटू लागली, तर पर्वतीला दोष देत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, जुलाब झाले होते हे स्वतःहून सांगा आणि गुडघ्यावर हातोडी मारून घ्या.